चौथं पान

रात्री साडेदहानंतर मुलाचा जुना लॅपटॉप माझा.
वडाळा डेपोत अठ्ठावीस वर्षं टाइमकीपर होतो,
आता ईटीएफच्या फॅक्टशीट वाचतो.

पहिल्या पानावर नेहमी तेच हसरं कुटुंब,
कुणाच्याच दाताला कीड नाही.
खरं ते चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
खर्च किती,
निर्देशांकापासून फंड किती ढळला.
त्याला ट्रॅकिंग एरर म्हणतात.
आम्ही लेट मार्क म्हणायचो.

शेअरबाजाराची साइट रुक्ष, डेपोतल्या फळ्यासारखी,
म्हणून तिच्यावर भरवसा.
व्हिडिओतला पोरगा ओरडतो. त्याचा आवाज बंद.

वहीत रकाने आखलेत: नाव, तारीख, उशीर.
आखताना खोब्रेकर ड्रायव्हर आठवतो.
रोज दोन मिनिटं उशिरा,
सबंध नोकरीत ना तीन, ना एक.
अँटॉप हिलची माणसं त्याच्या बसवर चहा टाकायची.
तसा एखादा शोधतोय.

"सापडलं का?" आतून हेमलता.
"अजून नाही."
"मग दिवा तरी मालवा.
ही वीज कुणाच्या खर्चात धरता?"

ते कुठल्याच पानावर नव्हतं.
पेन्सिलीनं एक रकाना वाढवला.