नऊ पुड्या

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज
उंबऱ्यावरूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी यायची.
रिओनीच्या पुलाजवळ आमचं औषधांचं दुकान,
फळ्या निम्म्या रिकाम्या,
औषधांचा ट्रक डोंगरापलीकडे कुठेतरी अडकलेला.

त्सिआलाबाईंनी कपाटातून जुना खल काढला,
चिनी मातीचा, आतून खरबरीत.
म्हणाल्या, माकवाला, हात धुऊन ये.
पाणी नुसतं बर्फ होतं. धुतले.

दालीचं बाळ चार महिन्यांचं,
हृदय घाईत टाके घातल्यासारखं.
आणि आमच्याकडे उरलेली
मोठ्या माणसाची एक गोळी.
तिचे दहा दिवस करायचे होते.

आधी फोडायची. मग घोटायची,
बत्ता मनगटातून फिरवायचा, खांद्यातून नाही.
कान खलाकडे:
करकर थांबते, सरसर सुरू होते,
मग तीही मावळते
आणि बाहेरचं कुत्रं ऐकू येतं.
तेव्हा समजायचं, झाली.

मग दुधाची साखर, पण एकदम नाही.
जेवढं औषध तेवढीच साखर.
मिसळून जेवढं झालं, तेवढीच पुन्हा.
पुन्हा तेवढीच.
"थोड्याला एकदम गर्दीत ढकललंस," बाई म्हणाल्या,
"तर ते एका कोपऱ्यात अंग चोरून बसतं.
मग एकाच पुडीत सगळं औषध
आणि नवांत नुसता गोडवा."

मेणबत्तीपुढे तराजू. शिंगाची पारडी, रेशमी दोऱ्या,
वजनं चिमट्यानं उचलायची,
बोटांचं तेलसुद्धा त्यांना जड.
मेणकागदाचे दहा चौकोन मी मांडले
ओळीनं, गोधड्या वाळत घालाव्यात तसे.

आणि मला शिंक आली.

एक पांढरा श्वास ज्योतीपाशी चमकला,
गल्ल्यावर, माझ्या बाहीवर, कुठेच नाही.

बाई ओरडल्या नाहीत. उरलेलं पारड्यात घेतलं.
नऊ भरले. दहावं नव्हतं.

मी म्हणाले, साखर आहे की बरणीभर.
भर घालू, वजन बरोबर येईल.
रंग तोच, चव तीच,
कुणाला कळणार?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.
कागदाची कड दुमडली, पुन्हा दुमडली,
दोन्ही टोकं एकमेकांत खोचली.
नऊ वेळा.
मग चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरांत, दालीला दिसावी म्हणून:
पुड्या नऊ. रोज सकाळी एक, दुधात कालवून.

दालीनं दोनदा मोजल्या.
डॉक्टर दहा म्हणाले होते.
"माझा हात हलला," बाई म्हणाल्या.
"दहावी मी देते."

माझ्या बाहीवर अजून पांढरं होतं.
मी हात गल्ल्याखाली नेला.

सातव्या सकाळी दुकान मीच उघडलं.
खल धुऊन पालथा घातलेला,
खुंटीवर बाईंचा कोट नव्हता.

आठव्या रात्री आल्या,
गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ निळे.
कुठवर गेल्या होत्या, कुणाच्या दारात उभ्या राहिल्या,
काय मोडून काय घेतलं,
त्यांनी सांगितलं नाही. बोटातली अंगठी मात्र
मला पुन्हा दिसली नाही.

रुमालाची गाठ सोडली.
आत अर्धी गोळी.

मी काही न बोलता
तोंडाला फडकं बांधलं
आणि हात धुवायला गेले.