ना-हरकत

मी ग्रामसेवक. ठराव लिहिणं माझं काम.
चोपड्याहून तापीकडे उतरताना शेवटचं गाव,
त्याच्या ठरावबुकात अकरा वर्षांचं माझं अक्षर
आणि खाली, अडीच वर्षांपासून,
वेणूबाई सुपडू कोळी यांची सही:
‘वे’ एकीकडे, ‘णू’ लांब,
मधून एक बैल सहज जाईल एवढी जागा.

सही कुठे करायची ते सुपडूभाऊ बोट ठेवून दाखवायचे.
त्यांनाच सगळे सरपंच म्हणायचे.
मीसुद्धा म्हणायचो. खोटं कशाला बोलू.

मार्चात पाहुणे आले, समुद्रापलीकडचे,
तिघे जण, चौथा दुभाषी,
पांढऱ्या गाडीवर केळीबागांची धूळ.
त्यांना शीतगृहासाठी गायरान हवं होतं,
आणि तापीतून एक पाइपलाइन.
आंतरराष्ट्रीय करार आहे, सुपडूभाऊ म्हणाले,
शर्टाची वरची गुंडी लावत.
आपल्याकडून फक्त एक ओळ: हरकत नाही.

वेणूबाईंनी हार घातले,
कळण्याची भाकरी, भरीत वाढलं.
एकाला ठसका लागला तर
लेकराच्या थोपटावी तशी त्याची पाठ थोपटली.
मग मी ठराव पुढे सरकवला, सुपडूभाऊंनी बोट ठेवलं,

आणि पेनचं टोपण काढून ती थांबली.

आदल्या रात्री, हे मला नंतर कळलं,
तिची आठवीतली हर्षाली
नागरिकशास्त्र मोठ्यानं पाठ करत होती:
राष्ट्रपती परदेशात राजदूत नेमतात.
परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं त्यांनाच सादर करतात.
तह, करार त्यांच्या नावानं होतात.
भाकरी थापता थापता आईनं विचारलं,
मंग त्यास्ले कोन सांगस?
मंत्रिमंडळ. त्यांच्या सल्ल्यानंच सगळं.
थापणारा हात मंदावला असेल.
मी नव्हतो तिथे, पण मला तो दिसतो.
मन्हासारखंच शे मंग, ती म्हणाली.
पोरीनं पान उलटलं:
पण सल्ला परत पाठवता येतो, फेरविचारासाठी.
एकदाच.
पुन्हा आला, तर मात्र मान्य करावा लागतो.

तर पंचायतीच्या कुरकुरत्या पंख्याखाली
वेणूबाई म्हणाली, हाऊ कागद परत.
सुपडूभाऊ हसले.
दुभाषी माझ्याकडे बघायला लागला.
सही मनी शे ना? मंग माले समजाले पाहिजे.
ढोरं कोठे चरतीन? पानी किती लेतीन, किती वरीस?
हाई लिखा. मंग आना.

अकरा वर्षांत ‘सर्वानुमते मंजूर’ इतक्यांदा लिहिलंय
की हात आपोआप तिकडेच वळला.
खोडलं. त्या बुकातली पहिली खाडाखोड.
‘फेरविचारार्थ परत’ असं लिहिलं,
आणि ग्रामपंचायतीला असं काही कलम आहे का
ते आजवर पाहिलं नाही.

दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे.
पाहुण्यांतला वयस्कर उठला,
खिशातलं कार्ड दोन्ही हातांत धरून
सुपडूभाऊंना ओलांडून
तिच्यासमोर वाकला.
तिनं पदराला हात पुसून ते घेतलं.

मे महिन्यात कागद पुन्हा आला.
पाइप दोन इंच बारीक,
गायरानाचा नदीकडचा पट्टा मोकळा,
वर्षं मात्र तीसची तीसच.
हर्षालीनं दोनदा वाचून दाखवला.
बोट कुणी ठेवलं नव्हतं.
दुसऱ्यांदा करनीच पडस, म्हणाली वेणूबाई, आणि सही केली.
‘वे’ आणि ‘णू’ आता इतके जवळ
की मधून वासरूही गेलं नसतं.

ते राष्ट्रपतींना, बाई. तुम्हाला नाही.
तुम्ही दहादा परत पाठवू शकता.
असं म्हणायला हवं होतं मी.

शाई वाळेपर्यंत पंखा बंद ठेवला, एवढंच.