अजून

डॉक्टर नाझरेथनी पडद्यावर दाखवलं:
अन्ननळीच्या तळाशी गुलाबी जिभली,
ताज्या रावसाच्या तुकडीसारखी.
"कॅन्सर नाही," म्हणाले.
मग, चष्मा पुसत, "अजून."

माझगावातल्या पाडलेल्या चाळीतून
हेमलतानं दोन विटा आणल्या,
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सारल्या.
आता रात्रभर मी घसरतो,
पहाटे तळपाय भिंतीला टेकलेले.

उपाशीपोटी कॅप्सूल. साडेसहालाच जेवण,
उन्हं खिडकीत असताना.
तिरफळ बंद, सोलकढी बंद.
तीही तेच मिळमिळीत वरण जेवते,
मिरची न चावता.

तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण.
तोवर तो एक शब्द
खाली उतरत नाही, वरही येत नाही.

परवा बाजारात
तिनं रावसाचे कल्ले उचलून पाहिले,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बोंबील घेतले.