होडीची वही

तिकिटं मीच फाडते. मोठ्यांना चार युरो,
शाळेच्या पोरांना दीड.
आत शिरण्याआधी बुटांवर या लोकरी खोळी चढवा,
फळ्यांना ओरखडे पडतात.
फळ्या तशा नव्या आहेत,
पण त्यांना जुन्या म्हणायचं, असं मला शिकवलंय.

माहितीपत्रकात सगळं आहे: सतराशे चौऱ्याऐंशी,
बॅरन फॉन एल्सनाऊ, लिंडनच्या झाडांची दुहेरी रांग,
रीगाहून बोलावलेला वास्तुशिल्पी.
विटा कुणी थापल्या ते नाही.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात;
विटांचं कुणी विचारतच नाही.

मला माहीत आहे ते होडीपुरतं.
आमचं घर गौयाच्या पैलतीरावर,
म्हणजे तुम्ही उभ्या आहात तिथून पैल.
आम्हाला चार पिढ्या ही कोठीच पैल होती.
पणजोबा मीकेलिस, दोरावर ओढायची सपाट होडी,
आणि ही वही, कारण कारभाऱ्याला
प्रत्येक खेपेचा हिशेब लागे.
अक्षरओळख नव्हती त्याला.
रेघ म्हणजे माणूस, फुली म्हणजे घोडा,
गोल म्हणजे प्रेत. त्याचे पैसे नाहीत.

एकोणीसशे पाचचा डिसेंबर बघा.
नदी अजून गोठली नव्हती.
एका रात्रीत अकरा रेघा, इकडून तिकडे.
रॉकेलच्या डब्यांसाठी त्याच्यापाशी खूण नव्हती,
म्हणून त्यानं एक थेंब काढलाय.
मग पहाटे, तिकडून इकडे, चार रेघा, दोन फुल्या:
बॅरनबाई, दोन मुली,
आणि दाई ओटीलिये, मांडीवर भिंतीचं घड्याळ,
चालू.
मागे छप्पर कोसळत होतं.
दर तोच. रेघेला दोन कोपेक.

सैनिक आले तेव्हा त्यांनी विचारलं, तू कुठल्या बाजूचा?
म्हणाला, काठ दोन आहेत साहेब,
मी मधला.
पंचवीस फटके.
जानेवारीच्या पानावर तीन गोल आहेत,
त्या अकरांपैकी.

कोठी पुन्हा बांधली. मग राज्य बदललं, जमिनी वाटल्या गेल्या,
आजोबा क्रिशसला नदीकाठचं कुरण मिळालं, बावीस हेक्टर.
त्यानं बॅरनच्याच विळ्यानं गवत कापलं
आणि गायीचं नाव ठेवलं बॅरनीण.
घरात फार हसायचे म्हणे त्यावर.
एकोणचाळीसमध्ये एल्सनाऊ मंडळी जहाजानं गेली.
चाव्या स्वयंपाकघराच्या दारालाच लटकत होत्या.

मार्च एकोणपन्नास. वहीत काही नाही.
बर्फ होता, होडी काठावर पालथी.
ट्रक नदीवरूनच चालत आला.
बावीस हेक्टर, म्हणजे कुलक,
म्हणजे आजोबा, आजी, आणि नऊ वर्षांची आत्या झेल्मा.
आई तेवढी वाचली, कारण ती त्या रात्री
शेजारी, वासरू अडलेल्या गायीपाशी होती.

नंतर नाचाच्या दालनात बटाटे. मग शाळा.
लांब भागाकार मी तिथेच शिकले,
छतावरच्या पंख तुटलेल्या देवदूताखाली.
चौऱ्याहत्तरमध्ये पूल झाला. शेवटची रेघ माझी आहे,
वाकडी. वय सहा.

गेल्या जूनमध्ये ल्यूबेकहून एक म्हातारी आली.
खिडक्या बघितल्या नाहीत. आरसे बघितले नाहीत.
मोडक्या लॅटव्हियनमध्ये विचारलं, होडी कुठे लागायची?
खांब अजून आहे. दोरानं त्यात खाच पडलीय,
बोट मावेल एवढी.
तिनं बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही.
मी वही दाखवणार होते, पण बसचा भोंगा वाजला.

खोळी तिनं तशाच पायात ठेवल्या होत्या,
पार पाण्यापर्यंत. चिखलानं माखून परत दिल्या.
नियमाप्रमाणे भिजवल्याचे दोन युरो.
घेतले.
मग स्टोव्हवर वाळत टाकल्या,
आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कोठीला
नदीचा वास येत राहिला.