कल

बालवाडीत पुंडकर बाईंनी विचारलं,
काय होशीन वं मोठी झाल्यावर?
मी म्हणाली, यष्टी.
कंडक्टर नाही, यष्टीच.
दिग्रसहून येते, वडाला वळसा घालून जाते,
कोणी पुसत नाही कुठं चालली.
सारे हसले. बाईंनी मात्र पाटीवर
लाल खडूनं चाकं काढून दिली.

दहावीत कल चाचणीचा कागद आला.
माझ्याआधी मामानं वाचला:
यंत्रकाम.
"यंत्र त घरी बी हाये," मामा म्हणे, "शिलाईचं."
मग वीस वर्षं फॉल, पिको,
दसऱ्याच्या आधी दोन रात्री जागरण.

आज तालुक्याला, समुपदेशनाच्या खोलीत
पोरीला घेऊन बसली.
तागडे मॅडम घाई करत नाहीत,
पेनाचं टोपण काढतात, लावतात,
पोरगी गप्प राहिली तर आपणही गप्प राहतात.
मग एक फॉर्म माझ्याकडे सरकवतात.
"मॅडम, मी सोबत आली फक्त."
"माहीत आहे. भरा."

प्रश्न सतरावा:
बंद पडलेली वस्तू उघडून पाहावीशी वाटते का?
सासऱ्यांचा रेडिओ. शेजाऱ्याचा फवारणी पंप.
अंगणवाडीचा वजनकाटा, तो तर दोनदा,
कोणाला न सांगता.
पोरगी वाकून माझं उत्तर पाहते.
"कॉपी नको करू," मी म्हणते,
अन् हात आडवा धरते, शाळेत धरायची तसा.

स्टँडवर दिग्रसची गाडी
बॉनेट उघडं टाकून उभी.
ड्रायव्हर आत वाकलेला, लोक शिव्या देत सावलीत.
पोरीजवळ पिशवी दिली
अन् गेली पाहायला.