खोटं उत्तर

दोंडाईच्याला मिरची मार्केटमागे माझं सेवा केंद्र.
एक टेबल, दोन खुर्च्या, अंगठ्याचं यंत्र
आणि खोकला. तो हंगामात सगळ्यांनाच असतो.
मिरची खुडून आलेल्या बायका
आधी पदराला बोटं पुसतात, मग काचेवर टेकतात.
तासातासाला काच मीच पुसते
आणि विसरून डोळ्याला हात लावते.

पासवर्ड कानात सांगा, म्हणते मी.
हिलाल आप्पा कानातच सांगतात,
ते बाहेर रसवंतीवाल्यालाही ऐकू जातं:
"मन्हा बैलनं नाव टाक वं बेटा, आन् पुढे त्यानी किंमत."
बैल विकून अकरा वर्षं झाली.
किंमत अजून चालते.

भटाबाई सैंदाण्यांचा पासवर्ड मी सांगणार नाही.
एवढंच, की त्यात नवऱ्याचं नाव नाही
आणि अक्षरं सांगताना
बाई खिडकीकडे बघत होत्या.

अर्ध्या गावाच्या किल्ल्या माझ्याकडे.
मी कुठेच लिहून ठेवत नाही.
वहीत आहे ती फक्त झेरॉक्सची उधारी.

काल शटर अर्धं ओढलं
आणि पाच वर्षांत पहिल्यांदा
स्वतःचंच खातं नीट उघडून बघितलं.

मधलं नाव: रोहिदास.
शेजारी एवढीशी पेन्सिल.
शिरपूरच्या कोर्टात किती तारखा झाल्या,
तिथे अशी पेन्सिल कुणी दिली नव्हती.
रोहिदास खोडलं, झुलाल लिहिलं. बापाचं.
मग वाटलं, मधे कुणीतरी लागतंच का?
पण ती जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणे.

फोटो सारंगखेड्याच्या जत्रेतला.
मागे पांढरा घोडा, पुढे मी.
त्याला कापलं होतं तेव्हाच,
पण खांद्यावर दोन बोटं राहून गेलीत.
इतकी वर्षं लोक बघत होते, कुणी बोललं नाही.

खाली लिहिलेलं: तुम्ही इथे इथे लॉग इन आहात.
हा संगणक, दोंडाईचा.
माझा फोन, दोंडाईचा.
एक फोन, सुरत.
शेवटचा वापर, आज पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

चार दहा.
मागावरची रात्रपाळी तेव्हा चहाला सुटते.

म्हणजे आईच्या साखरेचे रिपोर्ट त्याने वाचले.
शिलाई मशीनचे हप्ते वाचले, एक चुकलेला तोही.
आणि मसुद्यात पडलेलं ते पत्र,
त्यालाच लिहिलेलं, कधीच न पाठवलेलं,
तेही पोचलं म्हणायचं.
उत्तर आलं नाही, हे मात्र आज कळलं.

हे उपकरण काढायचं? होय.
यंत्राने कारण विचारलं नाही,
समजूत काढली नाही, मोठ्या माणसांना बोलावलं नाही.

पासवर्ड बदलला. मग गुप्त प्रश्न आले.
तुमची पहिली शाळा?
लहानपणी घरात काय म्हणायचे?
आईचं माहेर?
तिन्ही उत्तरं त्याला पाठ.
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, गच्चीवर,
मीच सांगितलेली, न विचारता.

बराच वेळ तशीच बसले.
मग ध्यानात आलं, याला खऱ्याशी देणंघेणं नाही.
ते एवढंच बघतं:
मागच्या वेळी हेच म्हणाली होतीस ना?

मग आईला मी दुसरं माहेर दिलं.
समुद्राकाठचं, जिथे ती कधी गेली नाही.
गावाचं नाव इथे लिहिणार नाही.
शाळा बदलली. लाडाचं नाव बदललं.
स्वतःचंच नवं नाव दोनदा हळूच म्हणून पाहिलं,
विसरू नये म्हणून.

पहाटे फोन वाजला, चार वाजून बारा मिनिटांनी.
कुणीतरी तुमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला.
तुम्हीच होतात का?
खाली दोन बटणं.
मी नव्हते, हे दाबलं
आणि मग झोप लागली नाही.

सकाळी हिलाल आप्पा दारात हजर.
"बैल याद शे वं, किंमत इसरी गऊ."
बसा आप्पा, म्हटलं,
खरी कशाला आठवता?
या वेळी जरा वाढवून लावू.