नाळे बा

खानापुरात सांजेला कुणीतरी म्हणालं,
टँकर नाक्यावर अडवलेत.
कुठल्या नाक्यावर, कुणी,
विचारायला कुणी थांबलं नाही.

रात्री नऊला पंपावर अख्खी गल्ली.
कॅन, पाण्याच्या बाटल्या,
चापगावकर मास्तरांच्या हातात तर
लग्नातली तांब्याची कळशी.
"ह्यात कसं घालू ओ सर?" मल्लेशी हसला,
मग हसायचा थांबला, पाइप टांगला
आणि पाटीवर खडूनं कानडीत लिहिलं:
नाळे बा. उद्या ये.

लहानपणी आमच्या दारावर हेच असायचं, कोळशानं.
रात्री हाका मारत येणाऱ्या भुतासाठी.
ते वाचायचं, परत जायचं,
दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचायचं.
भुताला कानडी येतंय का, मी विचारलेलं.
वडील म्हणाले, हितल्या भुताला दोन्ही येतंय.

येताना बाळेकुंद्रींच्या दुकानातनं मीठ घेतलं,
बारा पुडे.
साखर संपलेली, म्हणून मीठ.
कॉटखाली सरकवलं.

सकाळी शेजारची फिलोमिना दारात,
हातात वाटी.
"मूठभर दे की गे, पेजेपुरतं."
बघते, म्हणाले. उद्या ये.

टँकर तिसऱ्या दिवशी आले,
अडवलेच नव्हते म्हणे.
मास्तरांची कळशी परत माळ्यावर गेली.
फिलोमिना काही पुन्हा आली नाही.
तिलाही दोन्ही येतंय.

इथली हवा दमट.
कॉटखालच्या पुड्यांना पाणी सुटलंय,
रोज पुसते,
तरी फरशीच्या उतारानं जातंय
मधल्या भिंतीकडं, तिच्या बाजूला.